वसईचा कोट

वसईला जाऊन आलेला मराठी माणूस "किल्ला पाहून आलो" असं सांगतो. त्यात खोटं काही नाही. तट आहे, बुरूज आहेत, जमिनीकडचा आणि समुद्राकडचा असे दोन दरवाजे आहेत, चिमाजीअप्पांचा पुतळा आहे. स्टेशनाबाहेर रिक्षावालाही "किल्ला का?" एवढंच विचारतो. पण सुमारे ११० एकरांच्या त्या तटाच्या आत १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं जे उभं राहिलं आणि वाढलं ते एक शहर होतं. रस्ते आणि चौक होते, नगरसभा होती, मिझेरिकोर्दिया ही धर्मादाय संस्था होती. जेझुइटांचं विद्यालय होतं, फ्रान्सिस्कनांचे आणि डॉमिनिकनांचे मठ होते. पोर्तुगीजांच्या 'उत्तरेच्या प्रांता'ची ही राजधानी. गोव्याखालोखाल मानाची जागा. एवढ्या सगळ्याला 'किल्ला' म्हटलं की त्यातलं नेमकं काय गळतं, हा प्रश्न मला अनुवादक म्हणून पडला. वाचक म्हणून तो फार आधीच पडायला हवा होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

निमित्त होतं जर्सन दा कुन्हा यांच्या पुस्तकाचं. चौल आणि वसई यांचा इतिहास आणि पुरावशेष यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८७६ साली मुंबईत निघालं. दा कुन्हा गोव्याचे, पेशानं डॉक्टर, मुंबईत स्थायिक झालेले. घरची कोंकणी, शिक्षणाची पोर्तुगीज आणि लेखनाची इंग्रजी अशा तीन भाषांतून फिरून हा माणूस मराठी मुलखातल्या एका ओसाड शहराबद्दल लिहितो. त्यातला वसईचा काही भाग मी सध्या मराठीत आणते आहे. इंग्रजीत 'सिटी', 'फोर्ट' आणि 'सिटाडेल' हे तीन वेगळे शब्द आहेत, तीन वेगळ्या वस्तूंसाठी. सिटाडेलला आपल्याकडे 'बालेकिल्ला' आहे, आणि वसईत तो आहेही, तटाच्या आतला छोटा गोल कोट. अडचण उरलेल्या दोघांची. 'शहर' लिहिलं की आजची वसई, म्हणजे रेल्वे, इमारती, वसई-विरार डोळ्यांसमोर येते. 'किल्ला' लिहिलं की शिबंदी आणि दारूगोळा येतो. लग्न लावून परतणारी वरात, उधारीचा व्यवहार, शाळेतून पळालेलं पोर यांतलं काहीच त्या शब्दातून आत येत नाही.

शब्दाला दोष देऊन भागणार नाही. किल्ला पाहण्याची एक मराठी नजर आहे, ती घडलेली आहे, आणि ती चांगली नजर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तलं दुर्गप्रकरण वाचावं. गड बांधताना आधी पाणी पाहावं, दरवाजे किती असावेत, चोरवाटा कुठे ठेवाव्यात, गडावर विश्वासाचा माणूस कसा निवडावा. हे सगळं इतक्या कसून सांगितलं आहे की तीनशे वर्षांनंतरही ट्रेकला निघालेली मुलं नकळत त्याच यादीनं गड पाहतात. पाण्याचं टाकं कुठाय? चोरदरवाजा कुठाय? गो. नी. दांडेकरांनी या नजरेला भक्तीची आणि पायपिटीची भाषा दिली, आणि पिढ्याच्या पिढ्या सह्याद्रीत पाठवल्या. पण ती नजर डोंगरी किल्ल्याची आहे. तिच्या दृष्टीनं किल्ला म्हणजे राज्याचा प्राण, संकटात आसरा, उंचावरून दिसणारा मुलूख. वसई सपाट. तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. चढायला काही नाही. ही नजर वसईच्या आत शिरली की थोड्याच वेळात कंटाळते आणि जे तिला ओळखीचं आहे ते शोधू लागते. ते तिला १७३९ मध्ये सापडतं.

१७३९ ची मोहीम लहान नव्हती. १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी घेतल्यावर मराठ्यांनी वसईवर दोन वर्षं जोर लावला आणि १७३९ च्या मे महिन्यात ती पडली. या मोहिमेवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. य. न. केळकरांचं 'वसईची मोहीम' आहे, 'साष्टीची बखर' आहे. पण माझ्या मते यातलं सर्वांत चांगलं गद्य पत्रांतलं आहे. विशेषतः चिमाजीअप्पांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पाठवलेली पत्रं. मोर्चे, सुरुंग, तोफा, पडलेले लोक यांची ती धावती हकिकत. क्रियापदावर क्रियापद, विशेषणाला उसंत नाही. इतिहासाचं साधन म्हणून ती नेहमी वाचली जातात. गद्य म्हणून वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. या पत्रांतली वसई म्हणजे फक्त तट. बाहेरून दिसणारा, मोजला जाणारा, खालून पोखरला जाणारा तट. त्याला आतली बाजूच नाही. पत्र लिहिणारा मोर्चात आहे, त्याला आतलं दिसणार कसं? तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती पुढच्या अडीचशे-पावणेतीनशे वर्षांतल्या आपल्या लेखकांबद्दल, जे तट पडल्यावरही मोर्चातच बसून राहिले. दरवाजा उघडतो, फिरंगी शिबंदी मानानं बाहेर पडते, भगवं निशाण चढतं, आणि कथा तिथे संपते. नेमका आत पाय टाकायच्या क्षणी लेखक लेखणी खाली ठेवतो.

मराठीला तटबंदीचं शहर वाचता येत नाही असं म्हणावं, तर गोविंद नारायण माडगावकर आडवे येतात. त्यांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ चं, म्हणजे मुंबईचा तट पाडण्याचं काम त्याच सुमारास चाललेलं. मुंबईच्या फोर्टला तेव्हाचे मराठी लोक 'कोट' म्हणत आणि माडगावकरही तेच म्हणतात. त्या पुस्तकात कोट म्हणजे राहती जागा. कुठल्या गल्लीत कोण राहतं, कुठला धंदा कुणाच्या हातात आहे, कुठल्या देवळाला कुणी पैसे दिले, पारशी काय करतात, भाटे काय करतात, जत्रा कधी भरते. माडगावकरांना तोफांचं कौतुक असेलही, पण जीव अडकला आहे तो बाजारात. प्रबोधनाचा उपदेश मधूनमधून कंटाळा आणतो, हे खरं; पण पानापानावर जिवंत माणसं भेटतात. तटाच्या आतलं शहर मराठीत कसं लिहावं याचा हा धडा वसईपासून पन्नासेक किलोमीटरवर, दीडशे वर्षांपूर्वी गिरवून ठेवलेला आहे. मुंबईला 'वर्णन' मिळालं आणि वसईला 'मोहीम' मिळाली, असं माझं मत. माझ्या वाचनात आलेल्या मराठी पुस्तकांवरून तरी हे मत बदलावं असं मला वाटलेलं नाही.

माडगावकरांच्या रीतीनं वसईत फिरायचं ठरवलं तर काय दिसतं? जमिनीकडच्या दरवाज्यातून सरळ आत जाता येत नाही, वळसा घ्यावा लागतो. हल्लेखोराचा वेग मोडण्यासाठी केलेली ती रचना भाजीवाल्यांनाही रोज मोडावी लागत असेल. संत जोसेफच्या मुख्य चर्चचा उंच मनोरा उभा आहे आणि त्याच्या १६०१ सालच्या पुनर्बांधणीची नोंद दगडावर आहे. नागेश्वराचं देऊळ आहे, तिथे रोजची पूजा आहे. आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर कोरीव दगड आहेत, ज्यांच्यावरून आपण चालतो. या दगडांपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ते थडग्यांचे दगड. पोर्तुगीज मुलखांत थडग्यांवर एक ठरावीक मजकूर फिरून फिरून येतो. त्याचा सरळ अर्थ असा: ही कबर अमुक माणसाची आणि त्याच्या वारसांची. त्यात देवाचं नाव असतं, पद असतं, कधी घराण्याचं चिन्ह असतं, पण वाक्याचा कणा मालकीचा आहे. वाचताना मला सातबारा आठवला. जागा कुणाच्या नावे, पुढे कुणाकडे.

इथे अनुवाद अडला. 'समाधी' लिहिलं तर दगडाखालचा फिडाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, एकदम साधुपुरुष होतो. 'थडगं' लिहिलं तर मराठीच्या कानाला तो शत्रू होतो. 'थडगं बांधणं' या प्रयोगात जो सूड आहे तो शब्दाला चिकटून येतो. शेवटी 'कबर' ठेवली. मराठी बायबलमध्ये येशूची कबर आहे, म्हणजे मराठी ख्रिस्ती वाचकाच्या तोंडात तो शब्द आधीच बसलेला आहे. 'वारस' मात्र तसाच ठेवताना हात थांबला. १७३९ च्या तहानंतर हे वारस गेले. ज्या जागेवर त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क दगडात कोरला होता, तिथे पुरलं जायला कुणीच आलं नाही.

कुणाला वाटेल की मी गेलेल्या फिरंग्यांसाठी हळहळते आहे. पोर्तुगीज लेखनात या हळहळीची एक परंपराच आहे. वसईला 'उत्तरेचा दरबार' म्हणणारी, तिच्या सरदारांच्या थाटामाटाची वर्णनं करणारी. दा कुन्हा यांच्या लेखनातही तिचा सूर अधूनमधून लागतो, आणि तो आला की मी अनुवादात तो मुद्दाम सपाट करत नाही, वाचकाला ऐकू येऊ देते. पण हे शहर कुणासाठी होतं हेही सांगायला हवं. ब्रिटिश काळातल्या वर्णनांत येतं की तटाच्या आत राहण्याचा मान फिडाल्गोंचा. स्थानिकांनी, मग ते बाप्तिस्मा घेतलेले का असेनात, बाहेर राहायचं. देवळं पाडली गेली, गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात इथवर पोचत होता, घरांत गुलाम होते. ज्याला आपण आज सुंदर भग्नावशेष म्हणतो त्याच्या कमानी या व्यवस्थेवर उभ्या होत्या. तेव्हा तटाची आतली बाजू लिहायची म्हणजे आतल्या लोकांची बाजू घ्यायची, असा अर्थ होत नाही. तट कुणाला बाहेर ठेवत होता हे आतून जास्त चांगलं दिसतं.

या बाहेर-आतच्या रेषेवर जन्मलेला एक माणूस वसईचा सर्वांत प्रसिद्ध पुत्र आहे आणि मराठी वाचकाला तो फारसा माहीत नाही. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत जन्मला, जेझुइटांकडे शिकला, तरुणपणी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या वकिलातीत दुभाषी म्हणून काम केलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये तो संत झाला. चरित्रकारांना त्याच्या हौतात्म्याचं महत्त्व. मला, माझ्या धंद्यामुळे, त्याच्या कामाचं. पोर्तुगीज लोक दुभाष्याला 'लिंग्वा' म्हणत, म्हणजे जीभ. माणसाला नाव नाही, एक अवयव. घरात दोन भाषा ऐकत वाढलेलं हे पोर तिसऱ्या-चौथ्या भाषेत दोन सत्तांच्या मधे उभं राहिलं, आणि मधे उभ्या राहणाऱ्याचं जे होतं ते त्याचं झालं. वसईवर मराठीत कादंबरी लिहायचीच असेल तर ती याच्यावर का नसावी, असं मला कायम वाटतं. ती आली तर तिची सुरुवात तटाच्या दरवाज्यात व्हावी लागेल, कारण आई आणि बाप त्या दरवाज्याच्या दोन बाजूंचे.

तटाबाहेरच्या वसईला मात्र मराठीत आवाज आहे, आणि तो चांगला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, सिसिलिया कार्व्हालो ही त्यातली दोन नावं महाराष्ट्राबाहेरच्या वाचकालाही माहीत असावीत. दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षं 'सुवार्ता' हे मासिक चालवलं, 'सुबोध बायबल' लिहिलं, हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले. त्यांच्या लेखनातली वसई ही वाड्यांची, विहिरींची, केळीच्या बागांची वसई आहे. सुकेळी बनवणाऱ्यांची, सामवेदी बोलणाऱ्यांची. तट त्यांच्या वसईच्या कडेला कुठेतरी आहे. मला हे समजण्यासारखं वाटतं. ज्या भिंतीनं तुमच्या पूर्वजांना आत राहू दिलं नाही ती तुम्ही का वर्णावी?

पण इतिहासाचा खट्याळपणा असा, की भिंतीच्या आत राहणाऱ्यांचं नाव बाहेरच्यांना चिकटलं. पेशवेकालीन कागदांत या साऱ्या मुलखाला 'फिरंगाण' म्हणतात. फिरंगी गेले, आणि तो शब्द जे राहिले त्यांच्या पाठीला लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा एक पाद्री या पदावर कसा, असं विचारणारे आवाज निघालेच. जन्मभर मराठीत लिहिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येतो, यामागे मला त्याच अर्धवट वाचलेल्या शहराची सावली दिसते. वसईची गोष्ट जर 'त्यांचा किल्ला आपण घेतला' एवढीच असेल, तर वसईचा ख्रिस्ती माणूस नेहमी 'त्यांचा'च राहणार. तो आत कधीच नव्हता, ही साधी गोष्ट सांगायला शहराचं वर्णन लागतं. मोहिमेच्या गोष्टीत तिला जागा नाही.

आणि प्रश्न विचारणारेही ज्या मराठीत विचारत होते तिच्यात पगार आहे, चावी आहे, लिलाव आहे, तुरुंग आहे. चारही पोर्तुगीजांकडून आलेले. (पाव आणि बटाटा मी मुद्दामच वगळले, वडापावचा दाखला आता फार शिळा झाला.) हे चार शब्द एकत्र ठेवले की शहराचा कारभार डोळ्यांसमोर उभा राहतो: नोकरी, दार, बाजार, कैद. किल्ल्याच्या शब्दसंग्रहातून भाषेत 'कडतूस' येतं. 'लिलाव' यायला चावडीभोवती जमलेली माणसं लागतात.

सगळंच आपण नाकारलं असंही नाही. वसईच्या मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या आणि देवळांत लागल्या. मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आहे. मी मेणवलीची पाहिली आहे. शंकराच्या दारात टांगलेली ती घंटा कुणाला खटकत नाही, अंगावरची आकृती कुणी खरवडून काढलेली नाही. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू काही पिढ्यांत नुसती घंटा झाली. मला आजवर माहीत असलेल्या अनुवादांत हा एक अत्यंत निर्वेध अनुवाद आहे, आणि त्याचं कारण बहुधा हेच की घंटेला शब्द लागत नाहीत.

उलट टोकाला कॅमेरा. हिंदी सिनेमा, जाहिराती, लग्नाआधीची छायाचित्रं, आणि कोल्डप्लेचा २०१६ चा तो गाजलेला व्हिडिओ, सगळ्यांना वसईच्या कमानी हव्या असतात, वसई नको असते. भग्न, हिरवी, कुठलीही. मोहिमेच्या लेखनात निदान जागेला नाव आणि तारीख आहे.

चौलजवळच्या कोर्लईची आठवण इथे काढायला हवी. ते ठाणं १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, तट तिथेही ओसाड झाला. पण डोंगराच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांतून घडलेली एक बोली आजही घरात बोलली जाते. मोठ्या दमणमध्ये तर तटाच्या आत वस्ती आहे, कचेऱ्या आहेत, आणि तिथलीही अशी एक बोली आहे. वसईच्या तटात भाषा उरली नाही. तिथे जे उरलं ते दगडावर, आणि दगडावरचं वाचायला अनुवादकच लागतो. म्हणून मला हे काम महत्त्वाचं वाटतं, एरवी १८७६ च्या एका जड पुस्तकासाठी कुणी इतका जीव का काढावा.

मसुद्यात सध्या मी 'सिटी'साठी 'कोट' लिहिते आहे. माडगावकरांचा शब्द, त्यांच्याच अर्थानं. कोटात राहणारे, कोटातली घरं, कोटातला बाजार. एका मित्रानं वाचून म्हटलं की आजच्या वाचकाला कोट म्हणजे अंगात घालायचा. त्याला मी मुंबईच्या जुन्या लोकांचं 'कोटात जाऊन येतो' ऐकवलं. तो म्हणाला, ते लोक आता राहिलेत कुठे. त्याचं म्हणणं खोडता येत नाही. 'तटबंदीचं शहर' हा पर्याय आहे, पण तो प्रत्येक वाक्यात तीन पावलं जास्त चालायला लावतो, आणि पर्यटनखात्याच्या पत्रकासारखा वाजतो. पहिल्या उल्लेखाला 'तटाच्या आतलं वसई शहर' आणि पुढे सर्वत्र 'कोट', असं करून पाहते आहे. संपादकांना चालेल का, ते पुढच्या महिन्यात कळेल. 'आणि त्याच्या वारसांची' हे शब्द मात्र मी दगडावर असतात तसे, नावाच्या खालच्या ओळीत, एकटे ठेवले आहेत.